केसांपुरतं कातडं

मिशिगन राज्याच्या उत्तर भागात १५ नोव्हेंबरला कित्येक शाळांना सुट्टी असते. त्या दिवशी बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा मोसम उघडतो आणि महिनाअखेरपर्यंत चालतो. मोसम संपेपर्यंत मांस कापून देणाऱ्या दुकानांच्या मागे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या कातड्यांचे ढीग लागलेले असतात. मांस घरोघरच्या फ्रीझरमध्ये जातं, शिंगं भिंतीवर चढतात. कातड्याला मात्र फारसं कोणी विचारत नाही. चामड्याचे व्यापारी त्याला देतात ती किंमत इतकी किरकोळ असते, की पुष्कळ जण ते टाकूनच देतात. ‘एल्क्स’ ही जुनी सेवाभावी संघटना अशी कातडी गोळा करून त्यांचे हातमोजे करवून घेते आणि माजी सैनिकांना वाटते, तेवढाच काय तो सदुपयोग. पण या ढिगावर डोळा ठेवून असणारी आणखी एक जमात आहे. तिला ना चामडं हवं असतं, ना हातमोजे. तिला हवे असतात फक्त केस.

ही मंडळी म्हणजे फ्लाय बांधणारे. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. लोकर, पिसं, केस असं काहीबाही धाग्याने गळावर बांधून त्याला किड्याचं किंवा छोट्या माशाचं रूप देतात. या बनावट आमिषाला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. म्हणून दोरी जाड आणि वजनदार घेतात, आणि दोरी फेकली की तिच्यामागून फ्लाय जाते. मिशिगनमधलं ग्रेलिंग हे गाव आणि त्याजवळून वाहणारी ओ साबल नदी हे या छंदाचं एक पीठच आहे. ट्राउट माशांच्या नद्या राखण्यासाठी झटणारी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था १९५९ साली याच नदीकाठी जन्मली. या भागात शिकारी आणि फ्लाय बांधणारा हा बहुधा एकच माणूस असतो. नोव्हेंबरात तो हरीण मारतो, बर्फाच्या दिवसांत घरात बसून फ्लाय बांधतो आणि उन्हाळ्यात नदीत उतरतो.

आता हरणाचाच केस का? सूक्ष्मदर्शकाखाली हरणाच्या हिवाळी केसाचा आडवा छेद पाहिला, तर बाहेर पातळ कवच दिसतं आणि आतली जवळपास सगळी जागा हवेने भरलेल्या बारीक कप्प्यांनी व्यापलेली असते. माणसाच्या केसात हा गाभा नावापुरताच असतो, कधी कधी तोही नसतो. मासेमारीच्या बोलीत याला ‘पोकळ केस’ म्हणतात, पण तो काही नळीसारखा आरपार मोकळा नसतो. आत असंख्य कप्पे असतात आणि प्रत्येकात थोडी हवा कोंडलेली असते. हरणाला तिचा उपयोग थंडी अडवायला होतो. फ्लाय बांधणाऱ्याला ती दोन कामांसाठी हवी असते. एक म्हणजे असा केस पाण्यावर तरंगतो. दुसरं काम जास्त मजेचं आहे. केसांच्या झुबक्याला धाग्याचे एक-दोन सैल वेढे देऊन धागा खेचला, की त्याखालचे हवेचे कप्पे दबतात. केस त्या जागी मुडपतो आणि त्याची दोन्ही टोकं उभी फिस्कारतात. धागा तसाच फिरवत राहिलं तर पूर्ण झुबका गळाच्या दांडीभोवती गोल पसरतो. असे झुबके एकाला एक भिडवून बसवायचे आणि मग धारदार ब्लेडने तासायचे. त्यातून मखमली दिसणारा, कधी न बुडणारा घट्ट गोळा तयार होतो. बेडूक, उंदीर, मोठ्या डोक्याचा मासा, काय हवं ते त्यातून कोरता येतं.

ही युक्ती कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. विल्यम बार्ट्रम या निसर्गअभ्यासकाने १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात फ्लोरिडाकडची एक पद्धत नोंदवली आहे. तिथे तीन मोठे गळ पाठीला पाठ लावून बांधत आणि त्यांवर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल कापडाच्या चिंध्या आणि रंगीत पिसं लपेटत. कॅनडातल्या निपिगॉन नदीवर डॉन गेपन याने १९३०च्या दशकात ‘मडलर मिनो’ बांधली. तळाशी राहणाऱ्या मोठ्या डोक्याच्या एका माशाची ती नक्कल होती आणि तिचं डोकं हरणाच्या तासलेल्या केसांचं होतं. पेनसिल्व्हेनियात बॉब क्लाउजरने १९८०च्या दशकात सस्क्वेहाना नदीसाठी जी फ्लाय बांधली, ती तर जवळपास फक्त शेपटीच्या केसांची आहे. वर धातूचे दोन जड डोळे, बस्स. आज समुद्रापासून डोंगरी नाल्यापर्यंत तिला मासा लागतो. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९१ साली फ्लायांवर पाच तिकिटं काढली, त्यांत मडलर मिनो होती. त्या पाचांतल्या आणखी एकीकडे शेवटी वळायचंच आहे, कारण तिचा धागा थेट सह्याद्रीत येऊन पोचतो.

मडलर आणि क्लाउजरची फ्लाय यांच्या केसांत मोठा फरक आहे, आणि कातडं राखायला बसण्याआधी तो समजलेला बरा. अंगावरचा केस आखूड, जाड आणि हवेने गच्च भरलेला असतो. तो फिस्कारतो. शेपटीचा केस लांब असतो. बुडख्याशी त्यात हवा बरीच असते, पण शेंड्याकडे तो भरीव होत जातो. म्हणून शेपटीच्या वरच्या भागातले केस दाबले तरी सरळ राहतात आणि पाण्यात छोट्या माशाच्या अंगासारखे लवलवतात. बुडख्याकडचे मात्र फिस्कारतात. नवशिक्या ते वापरून बसतो आणि मग फ्लाय झाडूसारखी का दिसते म्हणून कपाळाला हात लावतो. अंगावरच्या केसांतही जागेनुसार फरक पडतो. पोटाचा केस पांढरा, मऊ आणि सगळ्यांत जास्त फिस्कारणारा असतो. रंगवायलाही तोच बरा. पाठीचा केस गडद आणि ताठ. चेहऱ्यावरचे केस आखूड आणि बारीक असतात, ते लहान फ्लायांच्या पंखांसाठी जपून ठेवावेत. एका हरणाचं कातडं पसरलं तर साधारण चौरस मीटरच्या आसपास भरतं, आणि बांधणाऱ्याच्या दृष्टीने ते एक कातडं नसून पाच-सहा वेगवेगळे माल असतात. म्हणून तुकडे करताना प्रत्येकावर जागा लिहून ठेवायची. वाळल्यावर सगळे सारखेच दिसतात.

ऋतूचं महत्त्व याहूनही जास्त आहे. उन्हाळ्यात हे हरीण तांबूस असतं. त्याचे केस पातळ आणि आखूड असतात, आत हवा फार नसते. उन्हाळा सरता सरता ते केस झडून करडा हिवाळी कोट उगवू लागतो. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो. तेव्हा मिळणाऱ्या हरणाचा केस करडा झालेला असतो, पण अजून पूर्ण वाढलेला नसतो. तरंगत्या नाजूक फ्लायांच्या पंखांना तोच बरा पडतो. डिसेंबरातल्या हरणाचा केस लांब, जाड आणि हवेने ठासलेला असतो. बेडूक नि उंदीर कोरायचे तर तो हवा. दुकानातल्या पाकिटावर फक्त ‘डिअर हेअर’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे हे कळायला मार्ग नसतो. घरी कातडं राखण्याचा खरा फायदा पैशांच्या बचतीचा नाहीच. कुठला केस, कुठल्या महिन्यातला, अंगाच्या कुठल्या भागावरचा, हे स्वतःला ठाऊक असतं, तो फायदा मोठा.

आता कातड्याकडे वळू. इथे बहुतेक जण पहिली चूक करतात ती कातडं कमावण्याची. चामडं कमावणं म्हणजे कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाची घडणच बदलून टाकणं. मग ते भिजलं तरी कुजत नाही आणि वाळलं तरी लाकडासारखं कडक होत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून असंच कमावलं जातं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी त्याच कामासाठी जनावराचा मेंदू वापरला. त्यातली स्निग्ध द्रव्यं कातड्यात जिरवायची आणि वर धूर द्यायचा. ही सगळी कला पायात घालायच्या, अंगावर पांघरायच्या चामड्यासाठी आहे. फ्लाय बांधणाऱ्याचा तुकडा ना भिजणार आहे, ना वाकणार. तो डब्यात पडून राहणार आणि त्यावरचा चिमूटभर केस अधूनमधून कापला जाणार. कातड्याचं त्याच्याकडे एवढंच काम की केस एका दिशेने, एका ओळीत, शेंड्याला शेंडा लावून धरून ठेवायचे. केरसुणीच्या मुठीचं जे काम तेच. केस मोकळे कापून पुडीत भरले तर ते गुंततात, उलटसुलट होतात आणि त्यांची रास निरुपयोगी ठरते. तेव्हा कातडं टिकवायचं, पण केसांपुरतं. कमावताना वारंवार भिजवावं लागतं, पिळावं लागतं, कडेवर घासून मऊ करावं लागतं. यातल्या प्रत्येक पायरीला हरणाचा ठिसूळ केस मोडतो. दुकानातले तुकडे पुष्कळदा कमावलेले असतात, त्यात वावगं काही नाही, कारखान्याकडे त्यासाठी यंत्रं आणि हात आहेत. घरी तो उपद्व्याप करायला कारण नाही.

मग करायचं काय? कातड्याचे शत्रू तीनच. पाणी, चरबी आणि किडे. पैकी पाण्याची घाई सगळ्यांत मोठी आहे, कारण ओल्या कातड्यात जिवाणू ताबडतोब कामाला लागतात. केसाचं मूळ कातडीतल्या छोट्या पिशवीत रुतलेलं असतं. जिवाणूंनी तिथली कातडी सैल केली की केस मुळासकट निघून येऊ लागतात. असं एकदा सुरू झालं की ते माघारी फिरवता येत नाही. हा प्रकार पोटाकडून आणि जांघेतून सुरू होतो, म्हणजे नेमका चांगल्या पांढऱ्या केसांकडून. दुसऱ्याकडून कातडं घेताना पोटावरचे चार केस चिमटीत धरून ओढून पाहावेत. ते सहज हातात आले तर ते कातडं घरी नेऊ नये, फुकट मिळालं तरी. नोव्हेंबरच्या गारठ्यात बराच वेळ मिळतो, ऑक्टोबरातल्या उबदार दुपारी फार थोडा. ताबडतोब हात घालणं शक्य नसेल तर कातडं गुंडाळावं, पिशवीत घट्ट बांधावं आणि सरळ फ्रीझरमध्ये टाकावं. काही महिन्यांनी काढलं तरी बिघडत नाही.

पहिलं काम खरवडायचं. कातड्याच्या आतल्या बाजूला मांसाचे तुकडे, पापुद्रे आणि चरबी चिकटलेली असते. गोल लाकडावर कातडं पसरून बोथट सुरीने ते ढकलून काढायचं. लहान तुकड्यांना जाड चमचासुद्धा पुरतो. धारदार सुरी घेऊ नये. ती खोल गेली की केसांची मुळं आतून कापली जातात आणि वरचे केस गळून पडतात. चरबीचा बंदोबस्त मात्र मनापासून करावा. मांस राहिलं तर ते वाळून खडखडीत होतं, पण चरबी वाळतच नाही. ती हळूहळू खवट होते, पिवळी पडते, कातड्यात झिरपून त्याला जाळते आणि केसांच्या बुडख्याला चिकटा आणते. वर्षभराने डबा उघडल्यावर येणारा तो वास एकदा घेतला की खरवडण्याचा कंटाळा कायमचा जातो.

मग धुणं. रक्ताचे डाग असतील तर पाणी थंडच हवं. गरम पाण्यात रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. भांडी घासायचा द्रव साबण पुरेसा आहे, तो उरलेली चरबीही काढतो. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं, पिळायचं नाही. जुन्या टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचं आणि केस त्यांच्या वाढीच्या दिशेने विंचरून घ्यायचे. हरणाच्या लांब केसांखाली बारीक, मऊ लोकर असते. ती फ्लाय बांधायच्या वेळी झुबक्यातून विंचरून काढावीच लागते, नाहीतर केस नीट फिस्कारत नाहीत. ती इथेच थोडी निघाली तर पुढचं काम हलकं होतं.

यानंतर मीठ की टाकणखार, हा वाद. छंदिष्टांचं यावर आपसात पटत नाही. मीठ कातड्यातलं पाणी ओढून घेतं, जिवाणूंना हवा तो ओलावा राहू देत नाही, आणि आख्खं जाड कातडं टिकवायचं तर त्याला तोड नाही. बारीक दाण्याचं भरपूर मीठ आतल्या बाजूला चोळायचं, कडा आणि घड्यांत विशेष. दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं मीठ झटकून टाकायचं आणि नवं चोळायचं. वापरलेलं मीठ परत वापरू नये, कारण मिठातही जगणारे जिवाणू आहेत. मिठागरातल्या मिठाबरोबर ते येतात आणि कातड्यावर लालसर डाग पाडतात. चामड्याच्या धंद्यात हा जुना त्रास आहे.

पण फ्लाय बांधणाऱ्याला मीठ एका साध्या कारणाने नकोसं होतं. ते गळ गंजवतं. कातड्यावर, केसांच्या बुडख्याशी मिठाचे कण राहतात, दमट हवेत ते पाणी ओढतात, आणि त्या केसांची फ्लाय बांधून डबीत ठेवली की काही दिवसांत गळावर तांबूस ठिपके दिसू लागतात. शिवाय पावसाळी हवेत मिठाचं कातडं पुन्हा ओलसर होतं. म्हणून माझं मत असं, की आख्खं कातडं महिनाभर ठेवायचं असेल किंवा व्यापाऱ्याकडे पाठवायचं असेल तर मीठ वापरावं. तळहाताएवढे तुकडे घरी वाळवायचे असतील तर टाकणखार. हाच तो खार, जो आपल्याकडे सोनार डाग देताना वापरतात. अमेरिकेत तो कपडे धुण्याच्या पावडरींच्या फळीवर खोक्यात मिळतो. युरोपात त्याच्या घरगुती विक्रीवर निर्बंध आहेत, कारण तो जास्त प्रमाणात शरीरात गेल्यास प्रजननाला अपायकारक मानला जातो. तेव्हा चोळताना हातमोजे घालावेत, धूळ नाकात जाऊ देऊ नये आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये. टाकणखार ओलावा आणि चरबी शोषतो, आणि त्याने माखलेलं कातडं खाणाऱ्या अळीच्या पोटात जाऊन तिला मारतो. गळाला त्याचा उपद्रव नाही.

तुकडे करताना ब्लेड नेहमी आतल्या, कातड्याच्या बाजूने चालवावं. कातडी तेवढी चिरायची, केस बोटांनी बाजूला सारायचे. वरून कात्री चालवली तर प्रत्येक कडेचे सगळे केस अर्ध्यात कापले जातात. मग तुकडा कातडं खाली आणि केस वर असा पुठ्ठ्यावर ठेवून कडांना टाचण्या माराव्यात, नाहीतर वाळताना कातडं गुंडाळतं. पुठ्ठा उरलेली चरबीही टिपून घेतो. सावलीत, वारा लागेल असं ठेवावं, हवं तर पंखा लावावा. ऊन नको, हीटर नको, ओव्हन तर मुळीच नको. कच्च्या कातड्यातलं कोलॅजेन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसतं. कातडं चुरगळून निम्मं होतं आणि कडक पडतं. मायक्रोवेव्हमध्ये किडे मारण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. पातळ तुकडा आठवडाभरात वाळतो, जाडाला दुप्पट वेळ लागतो. वाकवल्यावर पत्र्यासारखा आवाज आला की झालं.

शेपटीला थोडी वेगळी वागणूक लागते. तिच्या आत हाड असतं आणि बुडाशी चरबीचा गोळा. खालच्या, पांढऱ्या बाजूने मध्यावर टोकापर्यंत चीर द्यायची, हाड मोकळं करून ओढून काढायचं आणि चीर उघडून आतली बाजू खरवडायची. चीर अर्धवट सोडली तर टोकाशी ओल राहते आणि नेमकी तिथूनच शेपूट सडते. लांब केस मिळतात तेही त्याच बाजूला. शेपटीचा छोटासा बाजारही आहे. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावातली ‘मेप्स’ ही मासेमारीची आमिषं बनवणारी कंपनी शिकाऱ्यांकडून वर्षानुवर्षं खारींच्या शेपट्या विकत घेते किंवा बदल्यात आपली आमिषं देते. तिच्या फिरत्या पत्र्यांच्या आमिषांना हाच केसांचा झुबका लागतो. खारीची शेपूट असो की हरणाची, बुडाला मीठ किंवा टाकणखार न लावता प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवली तर गत एकच होते.

केस रंगवायचे असतील तर ते वाळवण्याआधी नव्हे, नीट धुऊन वाळल्यानंतर. केस हे प्रथिन, म्हणून लोकरीला चालणारे आम्लधर्मी रंग त्यावर चढतात आणि थोडा व्हिनेगर त्यांना पक्कं करतो. मघाशी सांगितलेली तापमानाची मर्यादा इथेही लागू आहे, त्यामुळे पाणी उकळू द्यायचं नाही. हवेने भरलेला केस भिजायला नाखूश असतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवावा, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो.

इथपर्यंत पाणी आणि चरबी झाली. उरले किडे, आणि ते कधी संपत नाहीत. घरात लोकरीच्या कपड्यांना लागते ती कसर, म्हणजे एका बारीक पतंगाची अळी, केसातलं केराटिन खाऊन जगते. दुसरा, कातड्यावरचा भुंगेरा, वाळलेलं कातडंच पोखरतो. टाकणखार आतल्या बाजूला असतो, म्हणजे कातड्याचं रक्षण होतं, पण केसांच्या शेंड्यांना त्याचा उपयोग नाही. कसर वरून येते. म्हणून नवा तुकडा, मग तो घरचा असो की दुकानातला, आधी वेगळा ठेवावा. संग्रहालयंही लोकर-कातड्याच्या वस्तूंसाठी हेच करतात. हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशाला निदान आठवडाभर गोठवतात. फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड केसांवर दव धरतं आणि आतापर्यंतची वाळवणी फुकट जाते. त्यानंतर घट्ट झाकणाची बरणी. डांबराच्या गोळ्यांचा मोह टाळावा. त्यांच्या वाफा नाकाला बऱ्या नाहीत आणि फ्लाय बांधायला वापरतात ते फोमचे तुकडे त्यांनी विरघळूही शकतात.

एक इशारा जुन्या वस्तूंबद्दल. आजोबांच्या काळातलं पेंढा भरलेलं डोकं, जुन्या बाजारात मिळालेलं कातडं, यांवरचे केस उपटून वापरण्याची कल्पना चांगली वाटते. पण अठराव्या शतकात मेट्झच्या बेकूर याने पक्ष्यांची कातडी टिकवायला आर्सेनिकचा साबण शोधला, आणि पुढे विसाव्या शतकातही पेंढा भरणारे तेच विष वापरत होते. ते काम चोख करतं, म्हणून तर एकोणिसाव्या शतकातली कातडी आजही संग्रहालयांत ताज्या रंगांत दिसतात. फ्लाय बांधताना धागा दातांनी तोडायची सवय असलेल्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा इशारा ताज्या हरणाबद्दल. १९६७ साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा एक आजार दिसला. हरीण खंगत जातं, त्याचा मेंदू स्पंजासारखा होतो, अखेर ते मरतं. कारण जिवाणू नव्हे की विषाणू नव्हे, तर प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन. ते गोठवून, शिजवून किंवा नेहमीच्या जंतुनाशकांनी नष्ट होत नाही. मिशिगनच्या रानातल्या हरणांत तो आजार २०१५ साली सापडला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण मेंदू आणि पाठीचा कणा यांना हात न लावण्याचा सल्ला सगळेच देतात. अनेक राज्यांत आजारी भागातून डोकं किंवा कणा बाहेर नेता येत नाही, खरवडून साफ केलेलं कातडं बहुतेक ठिकाणी चालतं. मेंदू वापरून कातडं कमावण्याच्या पद्धतीपासून लांब राहायला हे आणखी एक कारण. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा मोसमाआधी राज्याच्या वनखात्याचं पत्रक वाचावं. रस्त्यावर गाडीखाली मेलेलं हरीण उचलायलाही काही राज्यांत परवाना लागतो. गोचिडींमुळे हातमोजे तर हवेतच.

डेट्रॉईटच्या आसपास मोटारउद्योगात कामाला असलेल्या मराठी घरांतली दुसरी पिढी शेजाऱ्यांबरोबर शिकारीला जाते, मासे धरते. तिला हे सगळं लागू आहे. भारतात मात्र हरणाबाबत यातली एकही पायरी करता येणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंग, कातडं, पीस यांच्या जोडीला केस हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. चितळ किंवा सांबर आपोआप मेलेलं सापडलं तरी ते सरकारची मालमत्ता. मुंजीत बटूच्या जानव्याला हरणाच्या कातड्याचा तुकडा बांधायची प्रथा आहे. ती चालू असली तरी असा तुकडा घरी ठेवणं किंवा विकणं कायद्याला मान्य नाही. मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रश विकणाऱ्यांवर धाडी पडतात त्याही याच कायद्याखाली. परदेशातून हरणाच्या केसांचं पाकीट बॅगेत घालून आणायची कल्पनाही सोडून द्यावी. पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि चितळ यांच्या केसांतला फरक विमानतळाच्या काउंटरवर पटवून देत बसण्याची हौस कोणाला नसावी.

आता राहिलेलं तिकीट. १९९१च्या त्या पाच तिकिटांत मडलर मिनोबरोबर ‘जॉक स्कॉट’ ही सामन माशासाठीची जुनी फ्लाय होती. तिच्या मूळ कृतीत मानेची अशी पिसं लागतात, ज्यांवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत पांढरे-पिवळे ठिपके असतात. ती पिसं राखी रानकोंबड्याची. हा कोंबडा सह्याद्रीत राहतो, पहाटे जंगलात त्याची बांग ऐकू येते, आणि इंग्लंडमधल्या फ्लाय बांधणाऱ्यांसाठी एकेकाळी त्याच्या माना बोटी भरभरून गेल्या. आता त्याला इथे संरक्षण आहे. परदेशातल्या हौशी लोकांना पाळलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर भागवावं लागतं.

गावठी कोंबड्याच्या मानेला मात्र कायद्याची आडकाठी नाही, आणि भारतातून अशा माना बराच काळ निर्यात होत आल्या आहेत. कोंबडा कापला त्याच दिवशी मानेचं कातडं पिसांसकट सोलावं, चरबी चमच्याने काढावी आणि टाकणखार चोळून पुठ्ठ्यावर ताणावं. कृती हरणाचीच, फक्त पक्ष्याचं कातडं कागदाइतकं पातळ आणि तेलकट असतं, त्यामुळे खरवडताना बळ लावू नये. पहिले दोन दिवस पुठ्ठा तेलाने डागाळला की तो बदलावा. बोकडाच्या शेपटीलाही हेच चालतं. तिच्या केसांत फारशी हवा नसते, म्हणून त्या केसांची फ्लाय तरंगत नाही. ती पाण्याखाली ओढायच्या फ्लायांसाठी ठेवावी. तरंगणारा बेडूक करायचा असेल तर फोमचा तुकडा कापून घ्यावा.